लस दोन हजारांची, दवाखाना दोन लाखांचा



जून उजाडला की आपल्या घरांत काही कामं ठरलेली असतात. लोणच्याच्या बरण्या भरायच्या, गच्चीची गळती बघायची, नातवंडांच्या वह्यांना कव्हरं घालायची. गेल्या वर्षीपासून आमच्या बडोद्याच्या घरात त्यात आणखी एक काम आलं आहे, ते म्हणजे फ्लूची लस. आणि लसीपाठोपाठ लसीचं बिल!

मी ३२ वर्षं बँकेत काढली. कागद, सही, शिक्का यांचं मला कधी भय वाटलं नाही. तरीही साडेचार हजारांच्या एका बिलानं मला जेवढं शिकवलं, तेवढं दोन लाखांच्या बिलानंही शिकवलं नव्हतं. ते इथे सविस्तर लिहिते आहे. कारण मंडळाच्या कट्ट्यावर दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, "अहो, लसीचे पैसे विम्यातून मिळतात का हो?"

आधी दोन लाखांचं बिल

२०२४ चा श्रावण. विश्वामित्रीला तो मोठा पूर आला, त्याच्या आधीचा पंधरवडा. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा ७४ वर्षांचे. मधुमेह जुना, पण रोज सकाळी फिरून येणारे, स्वतःची औषधं स्वतः घेणारे. एका संध्याकाळी कणकण वाटली. दुसऱ्या दिवशी १०२ ताप आणि कोरडा खोकला. "हवा बदललीये, आल्याचा काढा दे," म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांना पलंगावरून उठून न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागली. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ८९.

रुग्णालयात तपासणीत एच१एन१ निघाला, म्हणजे आपण ज्याला अजूनही स्वाइन फ्लू म्हणतो तो. फुप्फुसात न्यूमोनिया सुरू झालेला. दोन दिवस अतिदक्षता विभागात, मग चार दिवस खोलीत. बिल झालं २ लाख १२ हजार रुपये. विमा कंपनीनं त्यातले १ लाख ९४ हजार दिले. उरलेले हातमोजे, मास्क आणि अशाच न मिळणाऱ्या बाबींचे होते, ते आम्ही भरले. त्या बाबतीत माझी कंपनीबद्दल तक्रार नाही. कागद गेले, मंजुरी आली, अण्णा घरी आले.

डिस्चार्जच्या कागदावर शेवटच्या ओळीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, की दर वर्षी इन्फ्लुएंझाची लस घ्यावी. ती ओळ मी तेव्हा नीट वाचलीच नाही. अण्णा बरे झाले होते, दारात पुराचं पाणी होतं आणि गणपती तोंडावर आले होते.

मग साडेचार हजारांचं बिल

जून २०२५ मध्ये मात्र तो कागद फाइलमधून काढला आणि अण्णांना व सासूबाईंना घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. दोघांना लस दिली. एका लसीची छापील किंमत १,९०० रुपये. दोघांच्या मिळून ३,८००. टोचण्याचे प्रत्येकी १५०, तपासणीचे ४००. एकूण ४,५००. कंपाउंडरनं एका लहानशा चिठ्ठीवर लिहून दिलं, "इंजेक्शन – ४,५००" आणि खाली शिक्का मारला.

मी विचार केला, ज्या कंपनीनं मागच्या वर्षी पावणेदोन लाखांहून जास्त भरले, तिला हे साडेचार हजार म्हणजे काहीच नाही. उलट तिचाच फायदा. डिस्चार्जच्या कागदाची प्रत आणि ती चिठ्ठी जोडून दावा पाठवला. बारा दिवसांनी उत्तर आलं, नामंजूर. कारण, प्रतिबंधात्मक लसीकरण पॉलिसीच्या कक्षेत येत नाही.

मला राग आला. दोन दिवस मी भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होते. मग बँकेची सवय जागी झाली आणि पॉलिसीचं पुस्तक काढून बसले. वाचल्यावर लक्षात आलं, की कंपनीनं नियमाबाहेर काही केलेलं नव्हतं. पुस्तक न वाचता मीच हक्क सांगत होते.

विमा लसीचे पैसे का देत नाही?

आपल्याकडचा साधा आरोग्य विमा हा मुळात रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे. निदान २४ तास सलग दाखल असणं, किंवा मोतीबिंदू, डायलिसिस यांसारखे ठरावीक डे-केअर उपचार, यांसाठी तो पैसे देतो. दवाखान्यात जाऊन तासाभरात परत आलो तर ती झाली ओपीडी, आणि साध्या पॉलिसीत ओपीडी नसते. त्याशिवाय बहुतेक पॉलिसींच्या न मिळणाऱ्या बाबींच्या यादीत लसीकरण हा शब्द स्पष्ट लिहिलेला असतो. अपवाद सहसा एकच, कुत्रा किंवा दुसरा प्राणी चावल्यानंतर घ्यावी लागणारी लस. कारण ती उपचाराचा भाग असते.

यामागचा विचार समजून घेतला की राग थोडा निवळतो. विमा असतो तो कधी येईल, किती येईल हे माहीत नसलेल्या खर्चासाठी. लस हा ठरलेला खर्च आहे. दर वर्षी, ठरलेल्या वेळी, जवळजवळ ठरलेल्या किमतीत. असा खर्च कंपनीनं द्यायचा म्हटला तर ती तो हप्त्यात धरणारच, वर स्वतःचा कारभारखर्च लावणार. म्हणजे आपलेच १,९०० रुपये फिरून, थोडे जास्त होऊन आपल्याकडूनच जाणार.

पण ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी, की एक माणूस न्यूमोनियानं दाखल झाला तर कंपनीचे दोन लाख जातात. तेवढ्यात शंभर माणसांना लस देता येते. शंभरांतला एक जरी वाचला तरी हिशेब जवळपास जुळतो. मग कंपन्या हे का करत नाहीत? एक कारण असं, की ग्राहक दर वर्षी कंपनी बदलू शकतो. लस एकीनं द्यायची आणि फायदा दुसरीला, असा सौदा कुणाला नको असतो. अमेरिकेत हा प्रश्न कायद्यानं सोडवला, त्याकडे पुढे येते.

सरकारी योजनांचंही साधारण असंच आहे. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ५ लाखांपर्यंतचं कवच मिळू लागलं. आमच्या दोघांचीही कार्डं काढली आहेत, तुमच्या घरच्यांचीही काढून ठेवा. पण ती योजना दाखल होण्यासाठी आहे, ओपीडीसाठी नाही. लहान मुलांच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमातही फ्लूची लस नाही. महाराष्ट्रानं २०१५ नंतर गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांना सरकारी दवाखान्यांतून ती मोफत द्यायला सुरुवात केली. आपण महाराष्ट्राबाहेरची मंडळी. आपल्या राज्यात, आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात काय मिळतं, हे ज्याचं त्यानं विचारून घ्यावं. विचारायला पैसे पडत नाहीत.

मग पैसे कुठून मिळू शकतात?

चार वाटा आहेत.

पहिली, नोकरीतला गटविमा. मोठ्या कंपन्यांच्या गटविम्यात अनेकदा ओपीडीची वेगळी मर्यादा असते आणि कर्मचाऱ्याचे आईवडीलही त्यात असतात. काही ठिकाणी कंपनी स्वतःच्या खर्चानं कार्यालयात लसीकरण शिबिर घेते. मुलगा-सून नोकरीत असतील तर त्यांना हा प्रश्न जरूर विचारायला लावा.

दुसरी, वैयक्तिक पॉलिसीवर घेतलेलं ओपीडीचं जोडकवच. इथे मात्र पाटी-पेन्सिल घेऊन बसा. जोडकवचासाठी वर्षाला किती जास्त भरायचे आणि त्याची मर्यादा किती? पाच हजारांच्या मर्यादेसाठी चार-साडेचार हजार जास्त भरायचे असतील, तर ते कवच नव्हे, आपलेच पैसे दुसऱ्याच्या खिशात ठेवणं आहे. शिवाय त्या ओपीडीत लसीकरण बसतं का, हे वेगळं विचारावं लागतं. "ओपीडी आहे" म्हणजे "लस आहे" असं नव्हे.

तिसरी, बाळंतपणाचा लाभ असलेल्या पॉलिसी. त्यांतल्या काहींमध्ये नवजात बाळाच्या पहिल्या वर्षाच्या लसींचा खर्च ठरावीक रकमेपर्यंत मिळतो. घरात नवं बाळ असेल तर हे पान उघडून बघाच. फ्लूची लस सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला देता येते आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पाच वर्षांपर्यंत ती दर वर्षी द्यावी असं सुचवते. पहिल्या वर्षी लहान मुलांना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणजे बिलंही दोन. दोन्ही जपून ठेवा.

चौथी वाट, काही कंपन्यांचे आरोग्य-गुण. चालणं, तपासण्या करून घेणं यांबद्दल गुण देतात आणि ते ठरावीक सेवांसाठी वापरता येतात. पॉलिसीच्या ॲपमध्ये हे बहुतेक जण उघडतच नाहीत.

पॉलिसीचं सगळं पुस्तक वाचायची गरज नाही. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीबरोबर ग्राहक माहितीपत्रक द्यावं लागतं. काय मिळतं, काय मिळत नाही, थांबण्याचा काळ किती, तक्रार कुठे करायची, हे त्यात थोडक्यात असतं. ते प्रादेशिक भाषेतही मागता येतं. आपल्याकडे गुजराती, कन्नड, तेलुगू येतेच, पण पैशाच्या बाबतीत ज्या भाषेत आपण मनात हिशेब करतो त्या भाषेत कागद असलेला बरा.

भाऊजींचा फोन

आता गोष्टीचा उरलेला भाग. माझे धाकटे दीर पुण्याला नोकरीला आहेत. दावा नामंजूर झाल्याचं कळल्यावर त्यांचा फोन आला.

"वहिनी, सोडा ती पॉलिसी. माझ्या कंपनीच्या विम्यात आई-अण्णांची नावं आहेत. ओपीडीपण आहे. फक्त डॉक्टरांना सांगा, बिलात लस नका लिहू. ताप, खोकला, श्वासाचा त्रास असं काहीतरी लिहून द्या म्हणावं. सगळे असंच करतात."

खरं सांगते, मला त्या क्षणी त्यात फार वावगं वाटलं नाही. राग होताच. आपण इतकी वर्षं हप्ते भरतो, मग साडेचार हजारांसाठी एवढं काय! फोन स्पीकरवर होता. अण्णा समोरच्या खुर्चीत सुडोकू सोडवत होते. त्यांनी मान वर केली.

"मला ताप आहे का रे?"

"नाही अण्णा, तसं नाही. नुसतं कागदावर."

"मागच्या वर्षी ताप होता तेव्हा ताप लिहिला. यंदा नाही तर नाही लिहायचा. आणि श्वासाचा त्रास लिहिलास, तर उद्या तो कागद माझ्याकडेच बोट दाखवेल."

अण्णा सरकारी खात्यात लेखापाल होते. त्यांचं शेवटचं वाक्य मला नंतर नीट समजलं. एकदा बिलावर लिहिलेलं निदान तिथेच राहत नाही. ते दाव्याच्या नोंदीत जातं. उद्या खरोखर फुप्फुसाचा आजार झाला, तर "तुम्हाला हा त्रास आधीपासून होता, तुम्ही सांगितलं नाहीत" असं म्हणायला कागद तयार असतो. नियमानुसार पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकत नाही. पण त्याला एक अपवाद आहे, आणि तो म्हणजे फसवणूक. खोटं बिल हे फसवणुकीतच मोडतं. चार हजारांसाठी पाच लाखांचं कवच पणाला लावायचं, वर दिरांची नोकरी आणि डॉक्टरांचा परवाना धोक्यात घालायचा. हा हिशेब बँकेतल्या बाईला आधीच सुचायला हवा होता.

मी भाऊजींना म्हटलं, "तुम्ही एक करा. खोटं लिहून घेण्याआधी तुमच्या विम्यात खरं बसतं का, ते तरी विचारा."

त्यांनी टीपीएला मेल केला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ओपीडीच्या मर्यादेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेली लस चालते! अट एवढीच, की रुग्णाच्या नावाची चिठ्ठी हवी आणि बाबनिहाय बिल हवं. म्हणजे जे खोटं लिहून मिळवायला निघालो होतो, ते खरं लिहूनच मिळत होतं. अडचण होती ती फक्त आमच्या "इंजेक्शन – ४,५००" या चिठ्ठीची.

बिल कसं असावं?

डॉक्टरांकडे परत गेले. त्यांनी आढेवेढे न घेता लसीचं नवं बिल करून दिलं. तपासणीच्या आणि टोचण्याच्या फीची मात्र वेगळी पावती त्या दिवशीच्या पुस्तकात फाडलेली नव्हती, त्यामुळे ते ७०० रुपये गेले. लसीचे ३,८०० भाऊजींच्या खात्यात जमा झाले. त्यांनी ते अण्णांना पाठवले आणि अण्णांनी पेढे आणले.

या एका फेरीत मी जे शिकले ते असं:

बिल प्रत्येक माणसाचं वेगळं घ्यावं. नवरा-बायकोचं एकत्र बिल दाव्यात अडकतं.

बिलावर रुग्णाचं पूर्ण नाव, वय, तारीख, बिल क्रमांक आणि दवाखान्याचा नोंदणी क्रमांक हवा. विमा कार्डावर नाव जसं आहे तसंच बिलावर घाला. कार्डावर पूर्ण नाव आणि बिलावर "आजी" असं असेल तर पुढे काही होत नाही.

लसीचं नाव, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि किंमत वेगळ्या ओळीत हवी. लसीच्या खोक्यावरचं किंवा सिरिंजवरचं लेबल डॉक्टर कार्डावर चिकटवून देतात, ते मागून घ्या. खोक्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

टोचण्याची फी आणि तपासणीची फी वेगवेगळ्या ओळींत हव्यात. लसीची किंमत छापील किमतीपेक्षा जास्त लावता येत नाही, सगळे कर त्यातच असतात. टोचण्याची फी मात्र वेगळी असू शकते. ती आधी विचारावी.

"इन्फ्लुएंझाची लस द्यावी" अशी डॉक्टरांची चिठ्ठी बिलाच्या तारखेची किंवा आधीची असावी.

पैसे शक्यतो यूपीआयनं किंवा कार्डानं द्या. मागे पुरावा राहतो.

आणि दाव्याची मुदत पाहा. अनेक गटविम्यांत ओपीडीची बिलं ठरावीक दिवसांत किंवा आर्थिक वर्षाच्या आत द्यावी लागतात. मार्च उलटला की गेलं.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी निम्म्या घरांतली मुलं परदेशी. माझी नणंद न्यू जर्सीला असते. ती सांगते, तिथे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात विम्याचं कार्ड दाखवलं की लस टोचून मिळते आणि एक पैसाही द्यावा लागत नाही. हे खरं आहे. तिथल्या २०१० च्या आरोग्य कायद्यानं बहुतेक खासगी विम्यांना शिफारस केलेल्या लसी ग्राहकाकडून काहीही न घेता द्यायला लावल्या. एका कंपनीनं दिली आणि दुसरीला फायदा झाला हा प्रश्नच उरला नाही, कारण सगळ्यांनाच द्यावी लागते. ६५ वर्षांवरच्यांच्या मेडिकेअर या सरकारी विम्यातही फ्लूची लस मोफत आहे.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. लस मोफत असली तरी त्याच भेटीत डॉक्टरांना गुडघा दाखवला, तर त्या तपासणीचं वेगळं बिल येऊ शकतं. आणि ही सवलत तिथल्या विम्याची आहे. आपण सहा महिन्यांसाठी जाताना जो प्रवासी विमा काढतो, तो अचानक आलेल्या आजारासाठी असतो. त्यात लस सहसा बसत नाही आणि मग खिशातून डॉलर मोजावे लागतात. ग्रीन कार्ड मिळालेल्या आईवडिलांनाही मेडिकेअर विकत घेण्यासाठी साधारणपणे सलग पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. त्यामुळे निघण्याआधी निदान दोन आठवडे इथेच लस घ्यावी. लसीचं बळ अंगात यायला साधारण तेवढा वेळ लागतो.

लसीबद्दल थोडंसं

मी डॉक्टर नाही, पण आमच्या डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की त्यांनी शेवटी मला खुर्ची दिली.

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो म्हणून लस दर वर्षी. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते प्रकार घालायचे ते ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपल्याकडे फ्लूच्या दोन लाटा येतात, एक हिवाळ्याच्या शेवटी जानेवारी ते मार्च, दुसरी पावसाळ्यात आणि त्यानंतर. म्हणून आपल्या भागात पावसाळ्याच्या तोंडाशी घेणं सोयीचं. श्रावणातली व्रतं, मंगळागौरी, मग गणपती, मग नवरात्र. आपली सगळी गर्दी नेमकी त्याच काळात असते. दुकानदार जे देईल ते घेण्यापेक्षा "यंदाच्या प्रकारांची आहे का?" एवढं विचारावं.

लस तीन प्रकारांची की चार, हा प्रश्न मलाही पडला होता. बी प्रकारातला यामागाता नावाचा एक गट मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीनं सापडलेला नाही. म्हणून संघटनेनंच आता तीन प्रकारांची लस पुरेशी म्हटलं आहे. तीनची मिळाली तर कमी मिळालं असं समजू नका.

लस घेतली म्हणजे सर्दी होणार नाही असं नाही. प्रकार नीट जुळले त्या वर्षी आजारामुळे दवाखाना गाठण्याचा धोका ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. उरलेल्यांपैकी अनेकांचा आजारही सौम्य राहतो. साठी-पासष्टीच्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांना तिची गरज जास्त. आधीच्या डोसची गंभीर ॲलर्जी झाली असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायला हवं. दंड एखादा दिवस दुखतो. सासूबाईंचा दुखला, अण्णांचा नाही. त्यावरून दोन दिवस घरात चर्चा झाली.

हा आजार किरकोळ नाही, हे आपल्या भागाला सांगायला नको. २००९ मध्ये पुण्यापासून सुरू झालेली भीती अनेकांना आठवत असेल. २०१५ मध्ये देशात एच१एन१ चे ४२ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास ३ हजार माणसं गेली. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनाच त्याची सर्वांत जास्त झळ बसली.

दावा चुकीनं नाकारला तर?

माझा पहिला दावा नियमानं नाकारला गेला, म्हणून मी पुढे गेले नाही. पण तुमच्या पॉलिसीत लस लिहिलेली असेल आणि तरी नकार आला, तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. पंधरा दिवसांत समाधान झालं नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यापुढे विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. आम्हा बडोदेकरांसाठी अहमदाबादचं कार्यालय, इंदूर-ग्वाल्हेरकरांसाठी भोपाळ, बेळगावकरांसाठी बेंगळुरू, गोवेकरांसाठी पुणे आणि हैदराबादकरांसाठी तिथलंच.

यंदा आम्ही काय करतो आहोत

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. अण्णा आणि सासूबाईंच्या हप्त्यावर आमचे त्यामुळे काही हजार वाचले. ते घरखर्चात विरघळून जाण्याआधी मी वेगळ्या पाकिटात ठेवले आणि वर लिहिलं, "लस". घरातल्या सहा जणांची त्यात होते. भाऊजींच्या विम्यातून काही परत आले तर बरंच, नाही आले तरी अडणार नाही.

मंडळातही मी एक प्रस्ताव दिला आहे. गणपतीच्या आधी, जूनच्या शेवटच्या रविवारी, ज्येष्ठांसाठी एकत्र लसीकरण. नोंदणीकृत डॉक्टर हवेत, लस २ ते ८ अंश तापमानात ठेवण्याची सोय हवी आणि प्रत्येकाला त्याच्या नावाचं बाबनिहाय बिल हवं. बिलाचा नमुना मी करून दिला आहे. एकटे राहणारे जे सभासद आहेत, ज्यांना रिक्षा करून दवाखान्यात जायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी तरी हे व्हावं असं मनापासून वाटतं.

कार्यकारिणीत कुणीतरी विचारलं, "बिलावर सगळ्यांच्या नावापुढे काय लिहायचं?"

अण्णा मागच्या रांगेत बसले होते. म्हणाले, "लस. दोनच अक्षरं आहेत, जागाही कमी लागते."